उत्तरेचा बाण

भिलवडीच्या अलीकडे, हळदीच्या सऱ्या संपतात तिथं
लाल विटांचं हे घर.
कागदोपत्री ‘शेतबंगला’. गावात ‘इल्मटसायबाचं’.
चौगुल्यांच्या वहीत नुसतंच ‘गोदाम नंबर तीन’.

मी टेप घेऊन आलेय.
दुसरं टोक शौकत मुजावर धरतात,
पोती मोजणाऱ्या हातांनी.

वीट नऊ इंच, साडेचार, तीन.
भिंत दीड विटेची.
एक थर आडव्या पडलेल्यांचा,
वर एक थर नुसती तोंडं दाखवणाऱ्यांचा,
मग पुन्हा आडव्या.
याला इंग्लिश बाँड म्हणतात, मी सांगते,
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
“म्हंजे आमच्या थप्पीगत,” शौकतभाई म्हणतात,
“एक उभं, एक आडवं. न्हाईतर फुगती आन् बसती.”
माझी चार वर्षं
त्यांनी दोन पोत्यांत बांधून दिली.

छप्पर उभं उताराचं, बर्फ घसरावं म्हणून.
इथं घसरतो चिंचेचा पाला, आणि मे महिन्यात एखादी खार.
वळचणीखाली विटांची दातरी, एक आत, एक बाहेर,
दुपारी तिची सावली भिंतीवर करवतीसारखी चालते.
त्रिकोणी माथ्यावर जास्त भाजलेल्या काळ्या विटांनी
साल काढलंय:
एक आणि आठ इंग्रजी,
मग थेट मराठी सात,
मग पुन्हा इंग्रजी आठ.
कुणी हटकलं नाही, की उशिरा पाहिलं?

नेमगोंडा चौगुले खुर्ची ओढून सांगतात.
नकाशा बोटीतून आला. मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला.
तिकडं ऊन शोधावं लागतं,
चुकलेल्या शेळीसारखं.
सटवाजी गवंड्यानं कागद पाहिला, आभाळ पाहिलं,
आणि कागद फिरवून धरला.
भिंती कमरेएवढ्या झाल्यावर साहेब मिरजेहून आला,
खिशातून होकायंत्र काढलं, लालबुंद झाला.
सटवाजी म्हणाला, मला इंग्रजी येत नाही.

बाण काही इंग्रजी नव्हता.

चैत्रात साहेब उत्तरेच्या खिडकीत बूट काढून बसला
आणि त्या विषयावर परत बोलला नाही.

खरं खोटं चौगुल्यांना ठाऊक नाही.
मूळ नकाशा वाळवीनं वाचला.
पण माझ्या फोनमधली सुई सांगते, खिडक्या उत्तरेला,
आणि शेकोटी, जी थंड भिंतीत असायची,
ती दक्षिणेच्या भिंतीत,
दिवसभर आधीच तापलेल्या.
वर दोन खांद्यांचं धुराडं, ऐटीत, बेकार.

एकोणीसच्या पुराची रेघ सव्विसाव्या थरावर,
शौकतभाईंच्या डोक्याच्या वीतभर वर.
रेघेखाली दोन हजार सहाची सिमेंटची डागडुजी
पापडासारखी सुटलीये.
तिच्यामागचा चुना नखानं निघत नाही.

नदीकडच्या कोपऱ्यात, सातव्या थरात,
एका विटेवर कुत्र्याचा पंजा.
ओल्या विटांवरून पळालं असणार,
तान्ही की चंद्री की कोण ती कुंभारीण
मागून ओरडली असणार.
चार बोटं, नखं स्पष्ट.
मोजमापाच्या कागदावर याला रकाना नाही.
मी समासात काढते.

“धुराडं कधी पेटलंच न्हाई?” मी विचारते.
शौकतभाई बाही सारतात,
शेकोटीत वाकून खांद्यापर्यंत हात वर घालतात.
आत काहीतरी फडफडतं. घुबड असेल.
हात बाहेर येतो.
काजळी नाही.
कोपरापर्यंत पिवळाधम्मक,
जसा हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाचा.

संध्याकाळी त्यांच्याच थप्पीवर कागद पसरून
मी घर उतरवते. भिंती, खिडक्या, शेकोटी, पंजा.
शेवटी कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायचा असतो.
पेन टेकवते, उचलते.
शौकतभाई पलीकडून बघतायत,
त्यांच्या बाजूनं
कागद उलटा.
“हां,” ते म्हणतात, “आता बरोबर दिसतंय.”